अळणी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी लोकांच्या सुपात नाक खुपसते.
नाक म्हणजे ही काडी. पेनाएवढी, टोकाला धातूचे दोन ठिपके,
आरोग्य केंद्रानं सही घेऊन दिलेली.
वाटीत बुडवायची, दहापर्यंत मोजायचं,
की घरातलं मीठ आकडा होऊन वर येतं.

ओकुनोहारात बर्फ नोव्हेंबरला येतो
आणि मार्च उलटला तरी पाहुण्यासारखा जायचं नाव काढत नाही.
इथे मीठ म्हणजे नुसती चव नव्हती कधी.
मीठ म्हणजे फेब्रुवारीत ताटात काहीतरी हिरवं असणं.
हे मला माहीत आहे. तरी सांगत हिंडते:
मिसो एक चमचा कमी, मुळा, गाजर, कांदा दुप्पट.
नूडल्स खा, पण वाडगा तोंडाला लावून
तळ दिसेपर्यंत रस्सा पिऊ नका.
दुपारी ऊन असेल तर कालव्यापर्यंत चालून या.
काठी घ्या. काठीची कसली लाज.

योशिएबाई काडीकडे बघून म्हणतात,
"सुनेनं केलंय. मला विचाराल तर कोमट पाणी."
शून्य पूर्णांक नऊ, अगदी हवं तेवढं.
नावडतीचं मीठ अळणी,
यंत्राला ते कुठलं कळायला!

शेवटचं घर कानेकिचींचं.
वय एकोणऐंशी, रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.
गुरुवारी सभागृहात आम्ही खुर्चीत बसून पाय उचलतो,
पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंड वळवतो,
तिकडे ते एकदाही फिरकलेले नाहीत.
सूप करत नाहीत. भात, आणि
मागच्या पडवीतल्या पिंपातलं पाल्याचं लोणचं.
फुसाएनं नोव्हेंबरात घातलेलं.
डिसेंबरात ती गेली.

"हे मोजा," म्हणाले, आणि पिंपावरचे दोन दगड उतरवले,
आधी धाकटा, मग थोरला,
झोपलेल्या माणसावरचं पांघरूण काढावं तसे.

दोन पूर्णांक नऊ.

आता मी पत्रक काढायचं होतं.
त्यात भाताच्या वाडग्याचं चित्र आहे
आणि लोणच्याच्या बशीवर लाल फुली.
माझा हात पिशवीतच राहिला.

"दिवसाला दोन पानं," ते म्हणाले. "धुऊन. पिळून.
आधी मूठभर खायचो.
दोनच घेतली तर एप्रिल निघेल.
मे महिना दीडवर."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कसं जागावं ते कुणी सांगत नाही.
मी वहीत आकडा लिहिला, आणि शेरा सोडून दिला.

मग ते टोफू घ्यायला सहकारी दुकानापर्यंत चालत जाऊ लागले,
कारण दोन पानांनी भात सरत नव्हता.
मग अंडी. मग दुकानाच्या तात्सुएनं सांगितलं
की पालक उकडून त्यावर तीळ कुटून घातले
तर वरून काही लागत नाही.
"लागतं," ते मला म्हणाले, "पण चालतं."

मे महिन्यात गेले तेव्हा पिंप धुऊन उपडं घातलेलं होतं.
त्याबद्दल दोघंही बोललो नाही.
वरचा आकडा एकशे बेचाळीस.
अंगणात धाकटा दगड, तीन किलोचा,
फुसाएनं लग्नाच्या वर्षी नदीवरून आणलेला.
एक बाजू तिच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली.

"बाटल्या मला हलक्या पडतात," म्हणाले,
आणि दोन्ही हातांनी तो छातीपर्यंत उचलला,
खाली नेला, पुन्हा उचलला.
मी मोजायला बसले.
श्वास सोडा, म्हटलं. उचलताना सोडा, कोंडू नका.
चार. पाच.
कोपर कापत होतं. सहा.
सातवर थांबले, दगड पोटाशी धरून,
आणि काडीकडे हनुवटी करून विचारलं,
"तुमच्या घरचं किती येतं हो?"

बावीस घरं, तीन वर्षं,
आणि माझी वाटी मी एकदाही मोजली नव्हती.
नवऱ्याला खारट आवडतं. मलाही.

"आठ," मी म्हणाले. "उचला."